कोटातले आबाजी

मी टिकाराम आबाजींचा फ्लेक्स बोलतोय. दिघोरीच्या चौकात दोन बांबूंना सुतळीने बांधलेला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेला, तोच मी. माझी जात आयुष्यभर गप्प राहून दुसऱ्यांची नावं मिरवते. आज म्हटलं, थोडं आपलंही सांगावं.

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका छपाईच्या दुकानात झाला. मशीनमधून सगळ्यात आधी भाऊ बाहेर आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आबाजींना ते जन्मात कधी भेटले नव्हते, पण श्रद्धांजलीत वरचा मान त्यांचाच. त्यांच्यामागून बर्फाचे डोंगर आले, डोंगरांपुढे निळ्या कोटातले आबाजी आले आणि सगळ्यात खाली शोकाकुल मंडळी, आपापल्या फोटोंसह.

त्या कोटाचीही एक गोष्ट आहे. आबाजींचा धड असा एकच फोटो होता. नात गुड्डीने रोवणीच्या दिवसांत मोबाइलवर काढलेला. डोक्याला दुपट्टा, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात धानाची रोपं आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, पाणी भरलेल्या धानाच्या बांधीकडे. नातू अश्विन दुकानात ऑपरेटरच्या डोक्यावर उभा होता.

"हे चिखल-बिखल काढून टाक," तो म्हणाला. "कोट घाल."

"काळा का निळा?"

"निळा. अन् थोडा गोरा कर."

मग त्याने स्वतःचा फोटो दिला. कानाला मोबाइल, चेहरा प्रसन्न. ऑपरेटर चाचरत म्हणाला, "दादा, तुम्ही याच्यात हसून राहिले."

"राहू दे ना. इलेक्शनलेही हाच चालवायचा आहे."

नंतर अश्विनने मला गुंडाळून मोटरसायकलवर आडवं टाकलं आणि गावात आणून चौकात टांगलं. येणारेजाणारे चौकातल्या पारापाशी थांबत आणि आधी आपापलं नाव शोधत. ते सापडलं की मग आबाजींबद्दल बोलत. त्यांच्या बोलण्यातूनच मला माझा माणूस कळला.

हा म्हातारा घरात मावत नसे. चहा उकळायच्या आत तो शेतावर पोचलेला असायचा. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जंगलात, पावसाळ्यात बांधीत, एरवी तलावाच्या पाळीवर. झोपायचं ते अंगणातल्या खाटेवर. लग्नाला गेला तर अक्षता पडेपर्यंत मांडवात थांबायचा, आणि पंगतीच्या वेळी लोक त्याला हुडकत जायचे तेव्हा तो त्या गावच्या कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून लोंब्या हाताळत असायचा.

मुलगा केवळराम भंडाऱ्याला नोकरीला. त्याने एकदा वडिलांना आरामासाठी फ्लॅटवर नेलं. आबाजींनी गच्चीवर रंगाचे रिकामे डबे जमवून त्यांत पालक लावला. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली, भांडण झालं आणि आबाजी खुशीत एसटीने गावी परतले. मरणही बाहेरच आलं. धान कापून झालं होतं, भाऱ्यांचा ढीग, म्हणजे पुंजना, शेतातच रचून झाला होता. त्याच्याच सावलीत म्हातारा टेकला, तो उठलाच नाही.

अशा माणसाच्या नावाखाली मी उभा होतो आणि पारापाशी दुसराच गदारोळ चालला होता. जावईबापूंचा फोटो शेवटच्या ओळीत गेला होता. ते तेरवीला जेवणार नाही म्हणून बसले. चुलतभावाच्या नावापुढे 'माजी सरपंच' राहून गेलं होतं. त्यांनी स्वतःच पेनाने माझ्यावर लिहिलं. आबाजींच्या गळ्यात टाय कुठून आला, असं मात्र कोणी विचारलं नाही.

तेरवीच्या दिवशी चौकात सभा ठेवली होती. भाऊ बऱ्याच उशिरा आले. माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले आणि माईकवर म्हणाले, "तुकारामजी म्हणजे कष्टाची मूर्ती!" अश्विनने कानाशी लागून 'टिकाराम' सांगितलं. भाऊ म्हणाले, "तेच ते. टिकारामजी आणि तुकारामजी, दोघंही थोर होते."

एवढ्यात आभाळ भरून आलं.

आबाजींची बायको सत्यभामाबाई बायकांच्या घोळक्यातून उठल्या. "अश्विन, ताडपत्री दे. पुंजना उघडा आहे. तुया आबाजीनं वर्षभर राबून पिकवलं ते भिजून जाईन."

"आजी, ताडपत्री तं मंचावर बांधली. भाऊ बसून राहिले तिथं."

"भाऊले पाणी लागलं तं कोंब फुटते काय? धानाले फुटते."

"थोडं थांब ना. भाषण होऊ दे."

सत्यभामाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी गुड्डीला हाक मारली, घरातून विळा आणवला आणि सरळ माझ्यापाशी आल्या. गुड्डी बांबूवर चढली. सुतळ्या कचाकच तुटल्या आणि मी भाऊंसकट धाडकन खाली आलो. सभेत कोणीतरी हसलं.

अश्विन धावत आला. "आजी, काय करून राहिली? भाऊचा फोटो आहे त्याच्यावर!"

"मंग त्यायलेही नेतो. होऊ दे थोडं काम त्यायच्या हातून."

दोघींनी मला फरफटत शेतावर आणलं. थेंब पडू लागले होते. गुड्डी मला पुंजन्यावर पसरू लागली, तशा सत्यभामाबाई म्हणाल्या, "उलटा टाक. तोंड धानाकडे करून दे. आभाळाकडे पाहून काय करीन तो?"

पाऊस रात्रभर बदाबदा कोसळला. माझी पाठ झोडपून निघाली, कडेचे काही भारे भिजले, पण पुंजना वाचला. ते धान पुढे चुरून, दाणे मोकळे होऊन घरी आलं. अश्विन मला न्यायला आला नाही. त्याचा आजीवर राग आहे. निवडणूक जवळ आल्यावर तो राग उतरेल, असं गुड्डीचं म्हणणं.

आता मी शेतावरच असतो. कधी माझ्यावर लाखोरीची डाळ वाळते, कधी मिरच्या. धानाच्या काडीने घासून घासून बर्फाचे डोंगर गेले, शोकाकुल मंडळी पुसट झाली, कोटाचा निळा रंगही बराच उडाला. माझं काही म्हणणं नाही. छापणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की आमच्यावर नावं हवी तेवढी घाला, पण कापड जाड घ्या. पुढे आम्हाला कामं असतात.

परवा दुपारी सत्यभामाबाईंनी मला धुऱ्यावर अंथरलं आणि भाकरीचं फडकं सोडून बसल्या. गुड्डी ओरडली, "आजी, आबाजीच्या बाजूले चटणी सांडली ना! अन् तू तं त्यायच्या खांद्यावरच बसली."

"बसू दे वं," त्या म्हणाल्या आणि माझ्यावर हात फिरवून एक सुरकुती सरळ केली. "जिता होता तवा एका जागी बसला असता, तं तवाच बसली असती बाजूले."