ममताच्या दुकानातला बाक

“चारी पाय जमिनीले सारखे टेकले पाह्यजे, नाही तं गिऱ्हाइकाच्या ताटातला रस्सा डुलते!” उकंडा सुताराचा हा आवाज मी जन्मताच ऐकला. रंध्याखाली माझी पाठ उजळत होती आणि तो माझ्याशीच बोलत होता.

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर ममताचं फास्ट फूडचं दुकान आहे, तिथे माझा मुक्काम. दुकान एवढंसं. एक टेबल, त्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे माझा भाऊ. कढईत तेल हसायचं, तव्यावर कांदा लाजायचा आणि एसटी थांबली की माणसं धावत यायची. दहा मिनिटांत समोसा, चाऊमिन खाऊन पुन्हा गाडीत. कुणी जाताना माझ्यावर थाप मारायचं, “बाक मजबूत हाय, बाई!” तेव्हा मी आणखी ताठ उभा राहायचो.

मग चंद्रशेखरकाका आले. कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा, गोड बोलणं. सकाळी नवाला एक चहा सांगायचे आणि दुपारी एकपर्यंत माझ्यावरच. शेजारी पिशवी, पलीकडच्या बाकावर वर्तमानपत्राची पानं पसरलेली, फोनवर अवघ्या गोतावळ्याची चौकशी.

ममता बंजारा तांड्यातली. तिची आई मानीबाई. ममता तिला ‘याडी’ म्हणते. याडीनं लहानपणीच बजावलं होतं, दारी टेकलेल्या माणसाला ‘ऊठ’ म्हणायचं नाही. म्हणून ममतानं एक युक्ती काढली. चहा संपला की काकांपुढे पाण्याचा ग्लास ठेवायचा, म्हणजे ‘आता उठा’. समजूतदार माणूस, समजेल. काका ते गटागटा प्यायचे आणि म्हणायचे, “काय अगत्य गं तुझं! असं दुसरीकडे नाही बघ!” आणि अजून तासभर बसायचे.

इकडे बसमधली माणसं दारातून डोकावायची आणि शेजारच्या दुकानात जायची. ममताचा तवा थंड पडू लागला. कधी कधी तर समोसे संध्याकाळपर्यंत तसेच. मला मेल्या लाकडाला तोंड नाही. एकाच ओझ्याखाली दिवस काढायचा आणि भुकेली माणसं परत जाताना पाहायची.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल बसा, दमलेल्यांसाठीच मी आहे. फक्त ताट रिकामं झालं की एकदा मान वर करा. कुणी उभं आहे का, तेवढं पाहा.

परवा बाजाराच्या दिवशी रामीबाई नावाची म्हातारी आली. डोक्यावर बोचकं, हातात गरम ताट. टेकायला जागा नाही. हात भाजला, ताट निसटलं.

“बसाले जागा नाही तं हाटेल कायले काढलं व, बाई?”

ममतानं तिच्या हातावर पाणी ओतलं. काकांनी पाय आवरले, पण उठले नाहीत. उलट रिकामा ग्लास पुढे केला, “मलाही दे गं थोडं.”

“काका, इतके दिवस मी पानी तुमी उठावं म्हून देत होती.”

काकांचा चष्मा नाकावर घसरला. “अगं, मग बोलायचं नाही का?”

“याडीची शिकवन आड आली. पन ते घर होतं, हे दुकान हाय.” ममताचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “तुमचा मान हाय, काका, रोज या. पन इथं कोनं किती वेळ बसाचं, हे मी ठरवीन. उठा आता, आजीले बसू द्या.”