बोक्याचा चौथा पाय

आमच्या दुकानात शिरणारा माणूस आधी भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या चौकटींकडे पाहतो, मग खाली पाहतो, आणि ज्या कामासाठी आला ते विसरतो. खाली काउंटरच्या पायाशी बोका बसलेला असतो. बोका हा कुत्रा आहे. वाळक्या गवताच्या रंगाचा, एक कान उभा, दुसरा मुडपलेला, आणि पुढचा डावा पाय खांद्यापासून नसलेला. पाय असायचा तिथे केसांचा एक भोवरा आहे. पाण्यात खडा बुडून गेल्यावर वर जसे वर्तुळ उरते, तसा.

"अरेरे! काय झालं हो याला?"

इथून सुरुवात होते. मग तीन पायांवर पळता येते का, जिना चढतो का, चावतो का, दवाखान्यात नीट दाखवले होते का, की उगाच कापून टाकला? कुणाच्या मेहुण्याच्या कुत्र्याचे असेच झाले होते आणि त्याला हळद लावली होती. नाव काय? बोका? कुत्र्याचे नाव बोका? एखाद्या माणसाला पाय नसता तर याच लोकांनी भिडेने नजर वळवली असती. कुत्र्याच्या बाबतीत भीड बाळगावी असे कुणाला वाटत नाही. त्याचे दुःख म्हणजे जणू रस्त्यावरचा सार्वजनिक नळ. येणाऱ्याने तोटी फिरवून पाहावी.

आम्ही चित्रांना चौकटी करतो. बाबा लाकडाच्या पट्ट्या कापतात, मी काच कापतो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दुकानासमोर टॅक्सी थांबली आणि तिच्यातून ताई उतरली. खांद्याला एक पिशवी, हातांत चादरीत गुंडाळलेला बोका, आणि चादरीला दवाखान्याचा वास. बाबांनी करवत खाली ठेवली. तिच्याकडे पाहिले, चादरीकडे पाहिले.

"मागच्या खोलीत ऊन येतं," ते म्हणाले. "त्याला तिथे ठेव."

एवढेच. नवरा कुठे आहे, किती दिवस राहणार, काय घडले, यातले एक अक्षर त्यांनी विचारले नाही. मीही नाही. आई असती तर तिने संध्याकाळपर्यंत सगळे खोदून काढले असते, थोडी रडली असती आणि मोकळी झाली असती. आम्हा बापलेकांना मात्र माया करण्याची एकच रीत ठाऊक होती: न विचारणे. ती रीत इतकी जुनी आणि घट्ट होती की तिच्यात माया किती आणि भित्रेपणा किती, हे आम्हालाही वेगळे काढता आले नसते.

लग्नापूर्वी दुकानाची पुढची बाजू ताईची होती. गिऱ्हाईक चित्र उलगडायचे, ती क्षणभर डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "याला सोनेरी नको, गुदमरेल ते." आणि गिऱ्हाईक सोनेरी पट्टी गुमान खाली ठेवायचे. तिचे तीन पायांचे स्टूल काउंटरमागे अजून तसेच होते. त्यावर कुणी बसत नसे. बाबा रोज सकाळी ते पुसत, आणि मी पाहत नाही असे समजत.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती एकदा पुढे येऊन बसली होती. एक बाई आल्या, खाली वाकल्या, "कशाने गेला गं पाय?" म्हणाल्या. ताईचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा झाला. ती उठली, मागे गेली आणि मधला पडदा पडला. तेव्हापासून ती पडद्यामागेच राहिली. पुठ्ठे कापायची, सरस कालवायची, चित्रांच्या पाठी चिकटवायची. बोक्याला मात्र मागे राहणे मंजूर नव्हते. तो टुणूक टुणूक करत पुढे यायचा, येणाऱ्याजाणाऱ्याचे स्वागत करायचा, आणि प्रत्येक प्रश्न पडद्याच्या पलीकडे स्पष्ट ऐकू जायचा. प्रश्न आला की आतला कात्रीचा आवाज थांबे. तो पुन्हा सुरू होईपर्यंत बाबांची करवतही थांबलेली असे.

म्हणून बाबा खोटे बोलू लागले.

बाबा म्हणजे काटकोनाचा माणूस. हातात कायम काटकोन तपासायचा गुण्या. घरातल्या फडताळालाही तो लावून बघतील. पण माझ्या देखत त्यांनी मास्तरीणबाईंना शांतपणे सांगितले, "जन्मतःच तसा आहे." मास्तरीणबाई पलीकडच्या शाळेत शिकवतात, एका उत्तरातून तीन प्रश्न काढण्यात त्यांचा हातखंडा. पण जन्माच्या पुढे विचारणार काय? त्या गप्प झाल्या. आतली कात्री पुन्हा चालू लागली. बाबांना या यशाची चटक लागली. मग कुणाला सर्कस सांगितली, कुणाला आगगाडी. समोरच्या चष्मेवाल्यांना तर एक अख्खी कथा मिळाली: सुसाट मोटार, रस्त्यात चेंडूमागे धावलेले पोर, आणि ऐन वेळी झेपावलेला बोका.

"बाबा, सरळ 'माहीत नाही' म्हणून सांगा ना," मी एकदा म्हणालो.

"माहीत नाही? स्वतःच्या घरातल्या कुत्र्याचा पाय कसा गेला ते माहीत नाही? लोक म्हणतील, हा बाप आहे की भाडेकरू?"

"मग ताईला विचारा."

त्यांनी गुण्या उचलला आणि आधीच सरळ असलेला एक कोपरा पुन्हा तपासला.

"तू काच काप," ते म्हणाले.

मग एके दिवशी सकाळी चष्मेवाले रस्ता ओलांडून आले, ते हातात एक मोठा फोटो घेऊन. फोटोत आमच्या उंबऱ्यावर बसलेला बोका होता, छाती पुढे काढलेला, मुडपलेला कान उन्हात पारदर्शक झालेला. खाली त्यांनी ठळक अक्षरांत ओळ छापून घेतली होती: 'एका बालकाचे प्राण वाचवताना पाय गमावलेला शूर बोका'.

"माझ्या दुकानात लावणार," ते म्हणाले. "नजर तपासायच्या तक्त्याशेजारी. लोकांनी रोज काही चांगलं वाचावं. आणि चौकट तुमच्याच हातची हवी हं, नाही म्हणायचं नाही. दुपारी येतो."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नाही कसे म्हणणार? त्यांनी फोटो घेतला, मापे घेतली, चांगली सागाची पट्टी निवडली. पट्टीची टोके पंचेचाळीस अंशांत कापतात, म्हणजे दोन टोके मिळून काटकोन होतो. हे काम बाबांचे हात झोपेतही करतील. पण चौथ्या कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींना भेटेनात. मधे फट राहिली, नख जाईल एवढी. त्यांनी पुन्हा कापले. पुन्हा फट. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा कोपरा उघडा राहिलेला पाहिला. ती फट आणि ती ओळ दोन्ही त्यांच्या पुढ्यात होत्या, आणि ते एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते.

दुपारी चष्मेवाले आले, आणि त्यांच्या पाठोपाठ, नातीचे चित्र न्यायला, मास्तरीणबाई. फोटो टेबलावरच होता. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि ओळ मोठ्याने वाचली.

"हे काय? कुठलं बालक?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" चष्मेवाले खुलले. "अहो, मोटारीपुढून पोराला ढकललं यानं!"

"काहीतरीच. हा जन्मापासून असा आहे. मी वर्गात मुलांना सांगितलंय."

"आणि मी अख्ख्या बाजाराला सांगितलंय!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यांनी!"

"मलाही यांनीच!"

दोघे एकदम बाबांकडे वळले. बाबांच्या ओठांत खिळे होते. खिळे ठोकताना ते असेच धरतात. त्यांनी ते एकेक करून काढले आणि तळहातावर मांडले, सावकाश, जणू शेवटचा खिळा कधी संपूच नये. पितळ इतके लख्ख उघडे पडलेले मी कधी पाहिले नव्हते. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला माझा बाप, ज्याने कधी शाळेतसुद्धा कुणाचे बघून लिहिले नसेल, दोन भोचक माणसांपुढे चोरासारखा उभा होता.

"ते... त्याचं काय आहे..." ते म्हणाले.

पडदा सरकला.

ताईच्या बोटांना सरस लागलेला होता. ती काउंटरपाशी आली, पण गिऱ्हाइकांकडे नव्हे, बाबांकडे पाहत आली. तिच्या नजरेत काळजी होती. रडणारे मूल दिसल्यावर स्वतःचा ताप विसरून आई उठते, तशी ती उठून आली होती.

"बाबांना बोलू नका," ती म्हणाली. "त्यांना खरं माहीतच नाही. मी सांगितलेलंच नाही."

बोका उठून तिच्या पायाशी गेला.

"घरात भांडण चाललं होतं. नेहमीचंच. मी तशीच बाहेर पडले, दार उघडं राहिलं. मला वाटलं, मी एकटीच निघालेय. हा मागून धावत आला. मी रस्ता बघितला नाही, यानंही नाही. मी वाचले." तिने खाली बोक्याकडे पाहिले. "पोर-बीर कुणी नव्हतं. नुसता माझ्यामागे आला, एवढंच. दवाखान्यातून मग मी त्या घरी गेले नाही. टॅक्सी केली, ती इकडे."

दुकानात चाळीसेक रिकाम्या चौकटी होत्या, आणि त्या सगळ्या त्या क्षणी तिच्याभोवती धरल्यासारख्या वाटल्या. बाबा हातातल्या खिळ्यांकडे पाहत होते. मला वाटले, आता परकी माणसे खाली मान घालून निघून जातील आणि पडदा पुन्हा पडेल, कायमचा. पण मास्तरीणबाईंना गप्प बसण्याची सवय नव्हती.

"आणि नवरा?" त्यांनी विचारले. "आला का दवाखान्यात?"

इतके महिने आमच्या घरात जेवणाच्या ताटाशेजारी बसून राहिलेला प्रश्न त्यांनी पिशवीचा बंद सोडावा तितक्या सहज सोडला होता.

"नाही," ताई म्हणाली.

"फोन?"

"नाही."

"मग बरं झालं निघून आलीस," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसू लागल्या. पुसण्यासारखे त्याच्यावर काही नसावे.

चष्मेवाल्यांनी टेबलावरचा फोटो स्वतःकडे ओढला, आपलीच ओळ पुन्हा वाचली.

"पण शूर तर आहेच की," ते जरा रुसल्यासारखे म्हणाले. "म्हणजे, पोर नव्हतं हे ठीक आहे. पण धावला ना?"

ताई हसली. ते हसू नीटसे नव्हते. बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखे आधी अडले, मग कुरकुरले. पण उघडले.

"ओळ काढून टाका," ती म्हणाली. "नुसतं नाव राहू द्या. आणि काका, याला साग नको, फार जड होतो. फिकं लाकूड घ्या, बारीक पट्टी. त्याच्या रंगाचं."

"तू म्हणशील तसं," चष्मेवाले म्हणाले आणि सागाची पट्टी गुमान बाजूला सरकवली.

"पण मला एक सांग," मास्तरीणबाई नातीचे चित्र काखेत मारत म्हणाल्या, "कुत्र्याला बोका का म्हणता तुम्ही?"

"तिकडे घराच्या जिन्याखाली मांजरीची पिल्लं होती, त्यांच्यात हा सापडला. मांजरीनंच वाढवला. अजून दूध प्यायल्यावर पंजानं तोंड पुसायला जातो." ताईने बोक्याच्या भोवऱ्यावरून बोट फिरवले. "आता उरलेल्या पंजानं पुसायला गेला की तोंडावर पडतो. मग आपण मुद्दामच आडवे झालो, असं दाखवतो."

ते गेल्यावर बाबांनी फिकट लाकडाची पट्टी घेतली. कापली. मी काच कापायचे सोडून पाहत राहिलो. चौथा कोपरा आला, दोन टोके एकमेकींना भिडली आणि मधली रेघसुद्धा दिसेनाशी झाली. बाबांनी गुण्या उचललाच नाही. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"त्याला दवाखान्यात," ते म्हणाले, "तू उचलून नेलंस?"

हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

"हो."

"एकटीनं?"

"हो, बाबा."

"तेव्हा चांगला जाडजूड असेल. पाय होता शिवाय."

"जड होता."

बाबा बराच वेळ चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"दमली असशील," ते म्हणाले.

ताईने त्यांच्या पाठीवर कपाळ टेकले. क्षणभरच, सरसाचे हात तिने दोन्ही बाजूंना दूर धरले होते, सदरा खराब होऊ नये म्हणून. बोका त्या दोघांच्या मधे शिरायला जागा शोधत होता.

इतक्यात दार वाजले. काखेत गुंडाळी घेतलेला एक अनोळखी गृहस्थ आत आला. त्याने भिंतीवरच्या चौकटींकडे पाहिले, मग खाली पाहिले.

"अरे! याला काय झालं?"

बाबांनी सवयीने तोंड उघडले. मग मिटले, आणि ओठांत एक खिळा धरला. मी पडद्याकडे पाहिले. पण पडद्याजवळ कुणी नव्हते. तीन पायांचे स्टूल ओढल्याचा आवाज काउंटरमागून आला होता.

"सांगते," ताई म्हणाली. "आधी तुमचं चित्र दाखवा."