डिंक वाळल्याची फुली

जावयाने दुकान विकायला काढलंय हे मला लेकीने सांगितलं नाही, तिच्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याने सांगितलं. "शिलाईची तीन मशिनं घेता का, म्हणून विचारत होता तुमचा जावई," तो म्हणाला. मी पायातल्या चपलांनिशी तसाच त्यांच्या घरी गेलो.

जावई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत साहेब होता. बाहेरच्या खोलीची एक भिंत त्याने चित्रांसाठी राखून ठेवली होती. तीन चौकटी, तीन दिवे. कागद दमट हवेने सुरकुतेल म्हणून घरातल्या एकुलत्या एक टेबलपंख्याचं तोंड त्या भिंतीकडे. माणसांनी घाम पुसत बसायचं.

"दुकान कुणाचं आहे?" मी विचारलं.

"दोघांचं. कागदावर दोघांची नावं आहेत."

"आणि मशिनवर पाय कुणाचे असतात?"

"बाबा, आल्या आल्या सुरू होऊ नका," लेक आतून म्हणाली. पण ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

जावयाने मांडीवरचा कॅटलॉग उघडून माझ्यापुढे धरला. परदेशातल्या लिलाव कंपनीचा, गुळगुळीत कागदाचा. याच कंपनीकडून त्याने भिंतीवरची तीन पानं घेतली होती, जुन्या कॉमिकची, हाताने काढलेली. आता चौथं आलं होतं. येत्या गुरुवारी बोली. दुकानाला गिऱ्हाईक मिळालं होतं, उद्या लेकीने सही केली की रक्कम हातात.

"दोन वर्षांत दुप्पट होईल," तो म्हणाला. "मग तिला याच्यापेक्षा मोठं दुकान घेऊन देतो."

"घेऊन देतो? आहे तेच तिचं आहे."

"तुम्हाला नाही कळणार. हे पाणबुड्याचं पान आहे. मूळ पान. शाई, कागद, सगळं चित्रकाराच्या हातचं. जगात दुसरं नाही."

मी पान पाहिलं. बुडालेल्या जहाजाचं दार पाणबुड्या उघडतोय, एका हातात दोर. पान अस्सल होतं. मला ते ओळखायला कॅटलॉगची गरज नव्हती. ज्या छापखान्यात पाणबुड्याची कॉमिकं छापली जायची, तिथे मी बावीस वर्षं नोकरी केली. ती काढणाऱ्याला आम्ही डावरा म्हणायचो. डाव्या हाताने काढायचा आणि उजव्याने माणसं हाकलायचा. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने कपाटंच्या कपाटं रद्दीत घातली. त्यातली पानं कुठून कुठे फिरत परदेशात पोचली आणि तिथून आता माझ्या जावयाच्या डोक्यात शिरली होती.

"हे बघा," जावई म्हणाला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "निळ्या पेन्सिलीची फुली. ही चित्रकाराची खासगी खूण. इथे लिहिलंय, ही खूण असेल तर पान निःसंशय त्याच्याच हातचं. माझ्या तिन्ही पानांवर आहे. म्हणूनच मी ती घेतली."

मला हसू फुटलं. आवरलं नाही.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. चालू दे."

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं? तुम्ही तिथे डिंक लावत होतात."

खरं होतं. मी डिंकच लावायचो. पात्रांच्या बोलण्याचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून यायचे. ते कापायचे, मागे डिंक फासायचा आणि चित्रावर नेमक्या जागी बसवायचे. शिवाय डावऱ्याने आखून दिलेल्या जागेत काळा रंग भरायचा. छपाईआधी पानाचा फोटो काढायचे; ओला डिंक कॅमेऱ्याच्या काचेला चिकटला तर मालक ओरडायचा. म्हणून डिंक वाळला की कोपऱ्यात निळी फुली मारायची, म्हणजे कॅमेरावाल्याला कळायचं की पान न्यायला हरकत नाही. त्या कॅमेऱ्यात निळं उमटायचं नाही. डावऱ्याने आयुष्यात निळ्या पेन्सिलीला हात लावला नाही. ती पेन्सिल माझ्या कानावर असायची.

एवढंच सांगितलं असतं तर जावई म्हणाला असता, बरं, फुली तुमची, पण चित्र तर त्याचंच. आणि ते खरंच होतं. गुरुवारी त्याने बोली लावलीच असती.

"ती फुली माझी आहे," मी म्हणालो.

"काय?"

"पान खराब झालं की मी ते पुन्हा काढायचो. कधी शाई सांडायची, कधी चूक झाकायला लावलेला पांढरा रंग फुटायचा. डावरा एकदा काढलेलं परत काढायचा नाही, त्याचा तोरा मोठा. मग मालक मला बसवायचा. काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून. अशी पानं वेगळी कळावीत म्हणून मी कोपऱ्यात फुली मारायचो. त्याचं मूळ पान फाडून टाकायचे."

लेक माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"थापा मारताय," जावई म्हणाला.

"कागद दे."

त्याने वहीचं पान फाडून दिलं. मी पाणबुड्याचं शिरस्त्राण काढलं, तिन्ही खिडक्या आणि मानेजवळचे खिळे, कुठेही न अडखळता. हजारो शिरस्त्राणांत काळा रंग भरला होता मी, झोपेतही आलं असतं. त्याने दोर धरलेला हात काढायला सांगितला असता तर माझं पितळ तिथेच उघडं पडलं असतं. हात फक्त डावऱ्यालाच जमायचे. पण जावयाला ते सुचलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो भिंतीकडे बघत होता.

"म्हणजे ही तिन्ही..."

"फुली आहे ना? मग माझी."

"आणि इतकी वर्षं या खोलीत बसून गप्प राहिलात? मी पाहुण्यांना दाखवत होतो तेव्हा?"

"डिंक लावणाऱ्याला विचारलं कुणी?"

त्याच्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. मी उठलो. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गिऱ्हाइकाला नकार गेला.

मला वाटलं, संपलं. पण जावयाच्या जिवाला ते लागलं होतं. त्याने लिलाव कंपनीला सगळं लिहून कळवलं. कंपनीने पान मागे घेतलं आणि उलट पत्र धाडलं. तुमच्या सासऱ्यांचा सहीचा जबाब पाठवा, वकिलासमोर केलेला. जबाब मिळाला की त्या फुलीची सगळीच पानं आम्ही यादीतून काढू. जावयाला तर तेच हवं होतं. जबाब दाखवून तो आपली रक्कम परत मागणार होता.

खोलीत बोलून मोकळं होणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं. मी दुकानात गेलो. लेक एका कोटाचं अस्तर उसवत होती.

"जावईबापूंना जबाब हवाय," मी म्हणालो.

"माहितीय." तिने मान वर केली नाही. "शाळेतून मी तुमचा डबा घेऊन यायचे छापखान्यात. तुम्ही ती निळी पेन्सिल माझ्या हातात द्यायचात. बोट लावून बघ म्हणायचात, चिकटत नाही ना, मग मार फुली."

मी समोरचं स्टूल ओढून बसलो.

"आठवतं तुला?"

"सगळं आठवतं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"दुकान राहिलं ना." तिने दाताने दोरा तोडला. "पण हे माझ्यासाठी केलंत असं मला सांगू नका. तो चित्रकार तुम्हाला चारचौघांत डिंक्या म्हणायचा, तेही मला आठवतं. तुम्ही मेलेल्या माणसावर सूड उगवलात. माझं काम त्यात आयतं झालं."

"दोन्ही होतं."

"असेल. तुम्ही तिकडे खोटं बोललात, मी इथे गप्प बसले, आणि आता तुम्हाला सोवळं व्हायचंय? मागे फिरलात तर तो पुढच्या लिलावाला माझी मशिनं काढेल. सही करा आणि मोकळे व्हा. अर्धवट काम मला आवडत नाही."

हे वाक्य मी तिला लहानपणी शंभरदा ऐकवलं असेन. तिच्या तोंडून ते चांगलं वाटलं नाही.

वकिलाने जबाब वाचून दाखवला. त्यात डावऱ्याच्या नावावर खपणाऱ्या, रद्दीतून वाचलेल्या फुलीच्या पानांची संख्या मी सांगितली होती, अदमासे चारशे. वकिलाने विचारलं, "चारशेच्या चारशे तुम्ही काढलीत?" जावई माझ्या खांद्याशी उभा होता. मी हो म्हणालो आणि सही केली. डावऱ्याला मूलबाळ नव्हतं. भांडायला येणारं कुणी नव्हतं. सही करताना ते माझ्या मनात आलं, आणि बरं वाटलं, हे कबूल करतो.

कंपनीने शब्द पाळला, पानं यादीतून काढली. जावयाला मात्र छदामही परत केला नाही. खरेदीला पाच वर्षं उलटून गेली होती, तेवढ्या मुदतीचा नियम होता म्हणे.

त्याच रविवारी तो माझ्या दारात आला. हातात तिन्ही पानं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"तुमचा माल," म्हणाला आणि गुंडाळी माझ्या छातीवर आपटली.

"चौकटी कुठायत?"

"चौकटी अस्सल आहेत. त्या मी ठेवल्यात." तो जिन्यावरून दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "परत घरी येऊ नका. तीच म्हणालीय."

खोटं बोलत असेल. विचारायला मी गेलो नाही.

मी पानं पलंगावर पसरली. बावीस वर्षं असली पानं माझ्या हाताखालून गेली होती, पण तेव्हा मी फक्त फुग्याची जागा बघायचो. आता फुगे पिवळे पडून सुटायला आले होते. एकाचं टोक मी उचललं. खाली डावऱ्याने पाणी काढलं होतं, फुग्याखाली झाकलं जाणार हे माहीत असून. एकेक लाट पुरी केलेली, कुठे घाई नाही. मेला उगाच तोरा मिरवत नव्हता.

स्वयंपाकघरात जाऊन मी डिंकाची बाटली शोधली. होती, पण तळाशी डिंक दगडासारखा घट्ट झाला होता. कोमट पाणी घातलं आणि ढवळत बसलो.