वर घातलेलं

“चाचा, ह्ये बघा, परत एकवीसशेच!” वर्षाराणीने स्टुडिओतल्या पडद्यावर बोट टेकवले.

दुरुस्तीला आलेल्या गौसने चष्मा कपाळावरून खाली ओढला. संगणकाच्या सेटिंगमध्ये रॅमचा वेग त्याने स्वतःच्या हाताने बत्तीसशे ठरवून दिला होता. पण यंत्र बंद करून चालू केले, की आकडा निमूटपणे एकवीसशेवर येऊन बसत होता.

“गडहिंग्लजच्या लग्नाचा व्हिडिओ आज द्यायचाय. नवरीचा भाऊ सकाळधरनं फोन करालाय. नवरा घोड्यावर बसाय निघाला, की चित्र अडकतंय.”

“घोडंच नाठाळ असंल,” आतल्या खोलीतून तिची सासू धोंडुबाई म्हणाली.

“आत्ती, गप बसा की!” वर्षाराणी गौसकडे वळली. “चाचा, खरं सांगतो, आज जमलं न्हाय तर राजारामपुरीतनं नवीन मशीन घेणार. तुमचा मान म्हणून थांबलोय.”

तिच्या सासऱ्यांच्या, हंबीररावांच्या वेळी संगणक बघायचा तर चपला बाहेर काढून काचेच्या खोलीत जावे लागे. या स्टुडिओतला पहिला संगणक गौसनेच सायकलला बांधून आणला होता. हंबीररावांनी त्याला हार घातला होता. संगणकालाही आणि गौसलाही. आता हंबीरराव नव्हते. गौसची जुनी गिऱ्हाइके एकेक करून पांगली होती. हे एक घर उरले होते.

त्याने डबा उघडला. रॅमच्या तिन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, फुंकर मारली आणि परत बसवल्या. एकवीसशे. मग एकच पट्टी ठेवून यंत्र चालू केले. बत्तीसशे! तिच्या जोडीची दुसरी घातली. बत्तीसशेच.

तिसरी पट्टी उचलताना त्याचा हात थांबला. हिरवी, जुनी, कोपऱ्यावर त्याच्याच पेनची खूण असलेली. हे यंत्र बसवले त्या दिवशी रिकामी खाच बघून त्याने ती आपल्या खणातून आणून घातली होती. फुकट. वर.

गौसचे वडील स्टो दुरुस्त करायचे. स्टो पेटला, निळी ज्योत धरली, की गिऱ्हाइकाच्या हातावर एक पिन वर ठेवायचे. “काम केलं त्येचं दाम झालं. वर घालशील त्येवढं तुझं,” असे म्हणायचे. गौसने तो शिरस्ता कधी मोडला नव्हता. कुणाला वायर, कुणाला जुना माउस. वर्षाराणीला ही पट्टी.

पट्टी त्याच्या मुठीत होती. धूळ बसली होती म्हटले असते तरी चालले असते. वर्षाराणी व्हिडिओ लावून पडद्याकडेच बघत होती. नवरा घोड्यावर बसला होता आणि वरात झोकात पुढे निघाली होती.

“चाचा, पळालं की! काय झालतं?”

गौसने मूठ उघडली. “ह्ये मीच वर घातलं होतं. जुनं हाय, हळू चालतंय. ह्येच्यापायी नवीन दोन्हीबी हळू चालत हुती. चूक माझी हाय, वर्षाताई. इतके दिवस तुमचं काम मीच अडवलं.”

धोंडुबाई दाराशी येऊन उभी राहिली होती.

“औताला म्हातारा बैल जुपला, की तरण्यालाबी त्येच्याच चालीनं चालाय लागतंय,” ती म्हणाली. “त्यात बैलाचा काय गुन्हा? बस, चा ठेवलाय.”

वर्षाराणीने मोबाइल उचलला. “राजवीरला सांगतो, नवीन मशीन नगं म्हणून,” ती म्हणाली आणि तिने आपल्या नवऱ्याला फोन लावला.

चहा पिऊन गौस उठला. सवयीने हात पिशवीत गेला. स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, खोडरबर. द्यायला काही नव्हते. त्याने ब्रश काढला, वर्षाराणीच्या कीबोर्डवरची धूळ हलकेच झाडली आणि तो निघाला.

संध्याकाळी दूधकट्ट्यावर नेहमीच्या गवळ्याने, आकारामने म्हैस पिळली, फेसाळ माप भरून गौसच्या किटलीत ओतले आणि नेहमीसारखी वर एक धार सोडली.

गौस हात मागे घेणार होता. खिशातली पट्टी त्याला सदऱ्यातून टोचत होती. पण शेवटचा थेंब पडेपर्यंत त्याने किटली तशीच धरली.