अळणी पेज

सोनूबाईने मीठ सोडलं ते एखादं व्रत धरावं तसं. गावची आरोग्यरक्षक सगुणा दर सोमवारी ओटीवर येई, रक्तदाबाच्या गोळ्या देई आणि बजावून जाई, "काकी, मीठ बंद म्हंजे बंद." म्हातारीने सुनेला, गोदाला, मिठाचं मडकं पानाजवळ आणू दिलं नाही. भात अळणी, डाळ अळणी, पेजही अळणी.

सगुणाला तिचं कोण कौतुक! चार दिवस शिबिरात शिकून आलेल्या सातवी पास बाईचं गावात ऐकतंय कोण? ही एकटी ऐकत होती. म्हणून पावसाळ्यात म्हातारीच्या घशाखाली पेज उतरेना, तेव्हा सगुणाचं काळीज तुटलं. माहेराहून, समुद्रकाठच्या बुरोंडीहून आलेले सुके बांगडे तिने पदराखालून आणून दिले.

"भाजून तोंडी लावा काकी. मासा हाय, मीठ नाय."

बांगडे मिठात मुरवूनच सुकवतात, हे काय बुरोंडीच्या लेकीला दुसऱ्याने सांगायचं? पण मीठ म्हणजे मडक्यातलं, आणि बांगडा तो बांगडा. दोघींच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. सगुणा दर सोमवारी बांगडे नेत राहिली.

लावणी उरकली त्या आठवड्यात म्हातारी चुलीपुढेच कोसळली. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. डोलीतून आरोग्य केंद्रात नेली. डॉक्टरांनी सगुणाला आत बोलावून विचारलं, "खात काय होती?" तिने सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, त्या बांगड्यात मीठच मीठ!"

सगुणा उठून दाराकडे गेली. बाहेर गोदा उभीच होती.

"काय म्हनाले गो डागदर?"

"मीठ गेलं पोटात, म्हनाले." कुणाच्या हातून गेलं, ते सांगायला सगुणाची जीभ रेटली नाही.

झालं! चार दिवसांत गावभर बोभाटा: म्हातारीने चोरून मीठ खाल्लं. घरी आणलेल्या सासूला भरवताना गोदाही धुसफुसू लागली. "आमच्या डोळ्यांत धूळ फेकलीत ना?" सगुणाने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि खाली मान घालून गोळ्यांची पुडी सोडली.

म्हातारीने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. वाकड्या तोंडातून लाळेबरोबर शब्द आले, "नाय... खाल्लं... गो. तू... सांग... हिला."

"काय बडबडतायत?" गोदाने विचारलं.

सगुणाला शब्द न् शब्द कळला होता.

"पानी मागतायत," ती म्हणाली.