मावशींच्या हातचं

"ती डबी ओट्यावर नका ठेवू साहेब. इथं अन्न शिजतं," वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या.

आरोग्य निरीक्षकांनी नमुन्याची रिकामी डबी उचलली आणि परत पिशवीत टाकली. निवृत्तीला सात महिने राहिलेला हा माणूस गेल्या दहा दिवसांत वसतिगृहात पाचव्यांदा आला होता. मुलींच्या वसतिगृहातल्या नऊ जणींना तापाने गाठलं होतं. ताप रोज एकेक पायरी वर चढायचा, डोकं ठणकायचं, जिभेवर पांढरा थर साचायचा आणि पोट दुखायचं. रक्त तपासल्यावर टायफॉइड निघाला. मग निरीक्षकांनी गच्चीवरच्या टाकीत डोकावून पाहिलं, पाणी बाटल्यांत भरून नेलं, दूधवाल्याची चौकशी केली आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या पाचही जणींचे शौचाचे नमुने मागितले. तेव्हा मावशी खो खो हसल्या होत्या. "चोवीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन किती पोरी शिकून गेल्या, आता हेही देते," म्हणाल्या होत्या.

आज निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी भाजी चिरणाऱ्या बायकांना जरा बाहेर जायला सांगितलं आणि एक स्टूल ओढून बसले.

"मावशी, तुम्हीही बसा."

"मी उभी बरी. बोला."

"पाण्यात काही निघालं नाही. दुधातही नाही. तुमच्या नमुन्यात निघालं."

मावशींना आधी वाटलं, डब्यांची अदलाबदल झाली असणार. तसं त्या म्हणाल्याही. "चोर सोडून संन्याशाला धरताय तुम्ही. मला ताप नाही, पोटदुखी नाही. पाच वर्षांत साधी शिंक आलेली आठवत नाही. आमच्या रेक्टरबाईंना विचारा, एक दिवस रजा घेतली असेल तर."

"तेच तर आहे," निरीक्षक दमल्या आवाजात म्हणाले. "तुम्ही आजारी नाहीच. पण काही माणसांचा ताप उतरतो आणि जंतू मात्र आतच घर करून राहतात. बहुतेक पित्ताशयात. त्या माणसाला कसलाही त्रास नसतो. जंतू शौचावाटे बाहेर पडत राहतात. हात नीट धुतला गेला नाही की ते हातावरून अन्नात जातात. पूर्वी कधी मोठा ताप आला होता तुम्हाला?"

मावशी बसल्या. एकोणीस वर्षांच्या असताना त्या महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. नुकतंच लग्न झालेलं होतं. डोक्यावरचे केस मूठमूठभर गळले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, जीव वाचला हेच पुष्कळ.

"पण मी हात धुते साहेब. नखं बघा माझी."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नखं बोटांच्या आतपर्यंत कापलेली, तळवे पाण्याने सुरकुतलेले. निरीक्षकांनी ते हात नीट पाहिले, नुसता देखावा केला नाही.

"धुता, मला ठाऊक आहे. पण मागच्या बाथरूमचा नळ?"

तो नळ महिन्यापूर्वी तीन आठवडे बंद होता. मावशींनी तीनदा तक्रार केली होती. तोवर तिथे एक बादली भरून ठेवलेली असायची, आणि सगळ्या जणी तिच्यातच हात बुडवायच्या. साबणाची वडी संपली होती, तीही कुणी आणली नव्हती.

"उकळत्या अन्नात हे जंतू टिकत नाहीत," निरीक्षक म्हणाले. "हातानं कापून तसंच वाढलेलं काही होतं का त्या दिवसांत?"

"रविवारी फळं असतात. कापून."

हे म्हणताना मावशींच्या डोळ्यांपुढे एक वाटी आली. दुसऱ्या मजल्यावरची एक बारकुडी मुलगी ताटात अन्न नुसतं चिवडायची, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. फळं तेवढी ती आवडीने खायची. मावशी तिच्यासाठी वेगळी वाटी भरून ठेवत, इतरांपेक्षा मोठी. नऊ जणींपैकी आठ जणी औषधांनी सुधारत होत्या. चिमणीच्या आतड्याला भोक पडलं होतं. तिचं पोट फाडून शस्त्रक्रिया करावी लागली होती.

मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं, तशा मावशी सवयीने उठल्या, गॅस बारीक केला आणि हात तसाच धरून उभ्या राहिल्या. आता हा हात कुठे ठेवायचा, तेच त्यांना कळेना.

"हे आत किती वर्षं राहतं?"

"औषध घेतलं नाही तर कधी कधी जन्मभर."

"माझी धाकटी बहीण होती," मावशी पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "माझ्या तापानंतर दुसऱ्या वर्षी माझ्याकडे राहायला आली. पंधरा वर्षांची. तिलाही असाच ताप भरला. मी मांडीवर डोकं घेऊन चमच्याचमच्याने भरवायचे तिला. कुणाला हात लावू दिला नाही. एकविसाव्या दिवशी गेली." त्या थांबल्या. "ते माझ्याकडूनच?"

निरीक्षकांनी चष्मा काढला. असले प्रश्न त्यांना आजवर पुष्कळांनी विचारले असतील, आणि खोटं उत्तर देणं सोपं होतं.

"ते आता कुणालाच सांगता यायचं नाही मावशी. तेव्हा साथही असेल, पाणीही खराब असेल. तुमच्याकडून नाहीच, असं मी म्हणू शकत नाही. तुमच्याकडूनच, असंही नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या.

मग औषधाचं बोलणं झालं. चार आठवडे, दिवसातून दोनदा गोळी, एकही चुकवायची नाही. पोटाची सोनोग्राफी करायची. पित्ताशयात खडे निघाले तर पित्ताशयच काढून टाकावं लागेल, कारण खड्यांच्या आडोशाला जंतू दडून बसतात आणि गोळीला दाद देत नाहीत. त्यानंतर लागोपाठ तीन नमुने स्वच्छ आले पाहिजेत. तोवर स्वयंपाकघरात पाऊल नाही.

रेक्टरबाईंनी त्यांना चादरी-उशांच्या खोलीत काम दिलं. बाई मनाने चांगल्या होत्या. "कुणाला काही कळायची गरज नाही मावशी. तब्येतीसाठी काम बदललं, एवढंच सांगू. आणि तो नळ आम्ही वेळेवर दुरुस्त केला असता तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मावशींनीही ते पुरं केलं नाही. नळावर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, हे त्यांना कळत होतं. पण फळं नळाने कापली नव्हती.

गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, मळमळायचं. दिवसभर त्या चादरी मोजत, फाटलेल्या बाजूला काढत. जेवणाच्या वेळी रांगेत उभ्या राहत. नवी स्वयंपाकीण घाबरत घाबरत विचारायची, "मावशी, जमलंय ना?" आणि त्या "छान झालंय" म्हणायच्या. भात मोकळा होत नसे. मुली म्हणत, मावशी, परत कधी येताय आत? त्यावर त्या म्हणत, आता माझी बढती झालीय, साहेबीण झालेय मी चादरींची. मुली हसत. मावशी खोलीत जाऊन दार लोटून घेत आणि थोडा वेळ नुसत्या बसून राहत. चोवीस वर्षांत त्या दुपारी कधी बसल्या नव्हत्या. आता शीण उतरायच्या ऐवजी वाढतच चालला होता.

औषधाच्या बाराव्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या.

चिमणी झोपली होती. आधीच बारकुडी, आता पांघरुणाखाली कुणी आहे की नाही असं वाटावं इतकी. उशीवर गळलेले केस पडले होते. जवळ तिची आई बसली होती. मावशींच्याच वयाची असावी, फक्त पाठ जास्त वाकलेली.

"तुम्ही मावशी ना? ओळखलं मी," आई उठून म्हणाली. "सुट्टीत घरी आली की सारखं तुमचंच नाव. मावशी असं करतात, मावशी तसं करतात. मी म्हणायचे, मग राहा तिथेच, त्यांनाच आई म्हण."

मावशींना हसता आलं नाही. "कशी आहे?"

"धोका टळला म्हणतात. कालपासून पातळ पातळ द्यायला सांगितलंय. पण तोंडच उघडत नाही ही. तुम्ही ते बटाटा-गाजराचं सूप करता ना, तेच हवं म्हणते." आईने संकोचून पदर सावरला. "लाज वाटते सांगायला, पण तेवढं करून आणाल का? दोन चमचे तरी जाईल पोटात."

मावशींचा हात पलंगाच्या गजावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"मला नाही करता येणार."

"असू दे, असू दे. तुमची कामं असतील. मी आपलं सहज."

"काम नाही," मावशी म्हणाल्या. रेक्टरबाईंचं वाक्य तोंडाशी आलं होतं. तब्येतीसाठी काम बदललंय. ते त्यांनी गिळलं. "ताई, हिला हा आजार माझ्या हातून झाला. मला ठाऊक नव्हतं. माझ्या पोटात तो इतकी वर्षं होता. फळं मी कापली होती. औषध चालू आहे, पण अजून कुणासाठी रांधायची परवानगी नाही मला."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाहेर निघून गेली. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. शेजारच्या खाटेवरची बाई खोकली. नर्सने येऊन चिमणीची सलाइन बदलली आणि वहीत ताप लिहून गेली.

आई परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि पदराचं टोकही. ती खुर्चीत बसली आणि किती तरी वेळ मुलीचं पांघरूण सारखं करत राहिली.

"मला सांगायला नको होतं तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "मला काय कळणार होतं?"

"हो."

"मी तुम्हाला माफ केलं, असं नाही म्हणणार आत्ता."

"नका म्हणू."

चिमणीने झोपेतच ओठ हलवले. आईने कापूस ओला करून ते पुसले. मग पिशवी उघडून गोळ्यांचं एक रिकामं पाकीट काढलं, ते उलटं केलं आणि पेन शोधून काढलं.

"सांगा," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या भावाचं घर जवळच आहे. तिथे करून आणते. किती बटाटे?"

मावशी खाटेच्या पायथ्याशी असलेल्या स्टुलावर बसल्या.

"दोन. लहान घ्या. गाजर एकच, सोलून. आधी हात साबणाने धुवा, वाहत्या पाण्याखाली. चांगलं उकळू द्या, घाई नको. मग घोटून गाळून घ्या. एकही गोळा राहता कामा नये, तिच्या पोटाला टाके आहेत."

आई सावकाश लिहीत होती. "मीठ?"

"मीठ अगदी शेवटी. नेमकं किती ते मला नाही सांगता यायचं," मावशी म्हणाल्या. "ते मी चाखून घालते. चव तुम्ही घ्या."