डाव्या बाजूचं बक्कल

आल्सिदचे बनियन जातात कुठे, हे कोडं रोझालिनला एप्रिलपासून सुटत नव्हतं. डझनभर होते, त्यांतले आता जेमतेम पाच उरले होते.

"दुसरी बाई ठेवली असशील तर ठेव बापडा," कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली, "पण तिला सांग, बनियन तेवढे धुऊन परत पाठव."

"आता त्रेसष्टाव्या वर्षी मला कोण ठेवून घेतंय!" आल्सिद हसला आणि लगबगीने शेडकडे वळला. तिथल्या शेगडीत त्याने त्याच सकाळी आणखी एक बनियन जाळला होता. त्याच्यावर डाव्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा तांबूस डाग होता.

तो स्वतःला सांगायचा, हे सगळं बक्कलाचं काम. कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या पब्निकोच्या धक्क्यावर शेवंडं पकडणाऱ्या कुणालाही विचारा. थंडीभर कठड्यावर ओणवं होऊन पिंजरे ओढायचे, आणि अंगात असते ती छातीपर्यंत येणारी रबरी विजार. तिच्या खांदपट्ट्यांची दोन बक्कलं दिवसभर छातीत रुततात. वळ उठत नाहीत असा एक माणूस दाखवा. त्यामुळे नाताळच्या आधी छातीच्या डाव्या बोंडाखाली वाटाण्याएवढं काहीतरी टणक हाताला लागलं, तेव्हा आल्सिदने गाईच्या सडांना लावायचं मलम चोळलं. तिकडे हाताच्या भेगांपासून बुटाच्या चामड्यापर्यंत सगळ्याला तेच लावतात. फेब्रुवारीत त्याने डाव्या बक्कलाला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. मार्चमध्ये बोंड आत ओढलं गेलं. एप्रिलमध्ये डाग पडायला लागले. वाटाण्याची सुपारी झाली होती, पण दुखत मात्र काडीचंही नव्हतं. हाच त्याचा हुकमाचा पत्ता होता. दुखत नाही तर डॉक्टरकडे जाऊन सांगायचं काय?

खरं म्हणजे बक्कलं दोन होती. उजव्या बाजूला रबर नव्हतं, तरी तिकडे काही झालं नव्हतं. एवढा हिशोब त्याला कळत नव्हता असं नाही. त्याला लाज वाटत होती. बायकांचं दुखणं आपल्या छातीत निघालं, हे त्याला आरशासमोरसुद्धा म्हणवत नव्हतं. मेअखेर हंगाम संपेल, मग बघू, असं त्याने ठरवून टाकलं होतं. लाजेला मुदत दिली की ती थोडी शहाणी वाटते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वारं उठलं आणि सगळ्या होड्या धक्क्यालाच राहिल्या. नेमकी त्याच दिवशी तपासणीची बस आली. दरवर्षी येते, चर्चच्या हॉलसमोर उभी राहते. गावातल्या बायका आत जाऊन छातीच्या कॅन्सरसाठी एक्स-रे काढून घेतात आणि नवरे आपापल्या ट्रकमध्ये कॉफी पीत बसतात. गेल्या वर्षी याच अंगणात आल्सिदने खिडकी खाली करून आरोळी ठोकली होती, "पोरींनो, मापात बसला नाहीत तर परत पाण्यात सोडतील हं!" शेवंड मापाची नसली की ती परत समुद्रात टाकायची असा कायदाच आहे, त्यामुळे सगळं अंगण खो खो हसलं होतं. तो विनोद वर्षभर धक्क्यावर फिरत होता.

या वर्षी मात्र आल्सिदने काचा वर घेतल्या होत्या. रोझालिन आत गेली होती. तपासणीच्या पत्रासोबत आलेला कागद ती सीटवर विसरली होती. नजर कुठेतरी ठेवायची म्हणून त्याने तो उचलला.

त्यावर चित्रं होती. एकात कातडीला खळी पडलेली, एकात बोंड आत गेलेलं. एकात काखेत गाठ. खाली लिहिलं होतं, बोंडातून रक्त किंवा पाणी येणं. आणि त्याच्याही खाली: गाठ बहुधा दुखत नाही.

त्याने ते वाक्य तीनदा वाचलं. हुकमाचा पत्ता गेला होता.

अगदी तळाशी बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. हा रोग पुरुषांनाही होतो. आणि वडिलांच्या घराण्यात कुणाला झाला असेल, तर मुलींनी डॉक्टरला जरूर सांगावं.

'मुलींनी' या शब्दावर आल्सिदची नजर अडकली. जिनेट, त्याची एकुलती एक लेक, हॅलिफॅक्सला असते. गेल्या थंडीत तिने फोनवर विचारलं होतं, "बाबा, आजी कशाने गेली? डॉक्टर विचारतेय." रोझालिन शेजारीच बटाटे किसत होती. "काळजाने," तो म्हणाला होता. गावात सगळ्यांना हेच माहीत होतं. तो अकरा वर्षांचा असताना बापाने चौघा भावंडांना ओळीत उभं करून सांगितलं होतं, कुणी विचारलं तर काळीज म्हणायचं. पण आईच्या खोलीतलं घमेलं बाहेर नेऊन रिकामं करायचं काम आल्सिदकडे होतं. चिंध्या उकळायचं कामही त्याच्याकडेच होतं. बाप आणि बाकीची भावंडं गेल्यावर, ती काळजाने गेली नव्हती हे जगात आता त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

स्वतःचा जीव लाजेपायी घालवायचा तर घालव बाबा, पण पोरीला खोटं सांगितलंस! तो स्वतःवर इतका संतापला की ट्रकचं दार उघडलेलं त्याला कळलंच नाही.

अंगण ओलांडायला चाळीस पावलं असतील. विसाव्या पावलावर क्लोविसची काच खाली झाली. क्लोविस म्हणजे त्याच्याच होडीवरचा खलाशी, बावीस वर्षांचा सोबती.

"अरे आल्सिद! मापात बसतोस का बघ, नाहीतर परत पाण्यात सोडतील!"

पाच-सहा ट्रकमधून हसू फुटलं. आल्सिदचे कान लालबुंद झाले. परत वळावं आणि म्हणावं, रोझालिनची छत्री द्यायला चाललो होतो, असं त्याच्या मनात आलं. पण हातात छत्री नव्हती, तो कागद होता. तो चालत राहिला, आणि बसच्या पायऱ्या चढल्यावर मागचं हसू एकदम थांबलं.

आत टेबलाशी चष्मा लावलेली एक तरुण मुलगी बसली होती. "तुमची बायको कपडे घालतेय, येईलच," ती म्हणाली.

"बायकोसाठी नाही आलो." त्याने कागद तिच्यासमोर ठेवला आणि बोंड आत गेलेल्या चित्रावर बोट टेकवलं. "हे. डावीकडे. नाताळपासून."

ती हसेल म्हणून त्याने मान खाली घातली होती. ती हसली नाही. "डाग पडतात का?"

"पडतात."

"इथे काही त्रास नसलेल्यांचीच तपासणी होते, काका. तुम्हाला थेट डॉक्टरच लागतील, आणि इथल्या सगळ्या मच्छीमारांसारखं हंगाम संपल्यावर नाही, आजच. थांबा, मीच दवाखान्यात फोन लावते." फोन कानाला लावून तिने पेन उचललं. "घरात आणखी कुणाला झालं होतं?"

बावन्न वर्षांची सवय जिभेच्या टोकावर आली. काळीज, एवढंच म्हणायचं होतं.

"आईला," तो म्हणाला. "छातीचाच. तिचं सगळं मीच काढायचो."

मागे पडदा सरकला. रोझालिन ब्लाउजची बटणं लावता लावता तिथेच उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे बनियन…" ती म्हणाली.

"जाळले."

"मेल्या, मी बाई शोधत होते!" आणि ती रडायला लागली. त्या मुलीसमोर तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि तो दंड तसाच धरून ठेवला.

दवाखान्याने दुपारी दोनची वेळ दिली. बसमधून उतरले तेव्हा क्लोविस ट्रकबाहेर उभा होता, टोपी हातात घेऊन. आल्सिदला त्याच्याकडे बघवेना, कारण ती आरोळी मुळात त्याची स्वतःचीच होती.

ट्रकमध्ये बसल्यावर रोझालिनने चावीसाठी हात पुढे केला. "सरक. गाडी मी चालवते."

"आधी फोन दे," तो म्हणाला.

फोन लागला. पलीकडे जिनेटच्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता. "बाबा? या वेळेला? होड्या गेल्या नाहीत का?"

"नळ बंद कर आणि बस," आल्सिद म्हणाला. "तुझ्या आजीबद्दल मी तुझ्याशी खोटं बोललो होतो."